क्रीडागौरव आणि वंचित खेळाडू

क्रीडागौरव आणि वंचित खेळाडू : खेळातील कर्तृत्व आणि त्या कर्तृत्वाची अधिकृत नोंद या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली मैदानावर घडते. दुसरी समिती, मतपत्रिका, नियमावली आणि पुष्कळदा केवळ योगायोग यांवर अवलंबून असते. यामुळे प्रत्येक खेळात असे काही खेळाडू आढळतात, की त्यांची गुणवत्ता सहखेळाडूंना व प्रतिस्पर्ध्यांना निर्विवाद मान्य होती. परंतु कीर्तिमंदिरे, राष्ट्रीय पुरस्कार किंवा राष्ट्रीय संघातील स्थान यांपैकी काहीच त्यांच्या वाट्याला आले नाही, अथवा फार उशिरा आले. प्रस्तुत नोंदीत अशा वंचिततेच्या कारणांचा विचार मुख्यतः महाराष्ट्रातील खेळाडूंच्या आधारे केला आहे.

खेळाडूंचे कीर्तिमंदिर किंवा ‘हॉल ऑफ फेम’ ही कल्पना अमेरिकेतील बेसबॉल या खेळामुळे जगभर रूढ झाली. न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन येथील बेसबॉल कीर्तिमंदिरासाठी पहिले मतदान १९३६ मध्ये झाले व वास्तूचे उद्‌घाटन १९३९ मध्ये झाले. तेथील नियमांनुसार खेळाडूने किमान दहा हंगाम खेळलेले असावे लागतात. निवृत्तीनंतर पाच वर्षे लोटल्यावर त्याचे नाव मतपत्रिकेवर येते आणि बेसबॉल वार्ताहरांच्या संघटनेच्या मतदारांपैकी ७५ टक्के मते मिळाली तरच प्रवेश मिळतो. पाच टक्क्यांहून कमी मते पडल्यास नाव वगळले जाते. दहा वर्षांत मजल गाठली नाही तरीही ते गळते. प्रत्येक मतदारास एका वर्षी जास्तीत जास्त दहाच नावे निवडता येत असल्याने, अनेक थोर खेळाडू एकाच सुमारास निवृत्त झाले तर त्यांपैकी काही केवळ गर्दीमुळे मागे पडतात. नियमांत सचोटी व चारित्र्य यांचाही उल्लेख आहे. सर्वाधिक ४,२५६ फटक्यांचा विक्रम करणारा पीट रोझ पैजा लावल्याच्या कारणावरून १९८९ मध्ये कायमचा बहिष्कृत झाला आणि २०२४ मध्ये कीर्तिमंदिराबाहेरच मरण पावला. त्याच्यावरील बंदी उठली ती मृत्यूनंतर, २०२५ मध्ये. ७६२ ‘होम रन’ काढणाऱ्या बॅरी बाँड्सला उत्तेजक द्रव्यांच्या संशयामुळे २०२२ च्या अखेरच्या संधीतही ६६ टक्केच मते पडली. जॉश गिब्सन या कृष्णवर्णी खेळाडूची कथा निराळी आहे. वर्णभेदामुळे त्याला प्रमुख संघांत कधीच खेळता आले नाही. वर्णबंधन मोडण्यापूर्वी अवघे काही महिने, जानेवारी १९४७ मध्ये, तो वारला आणि १९७२ मध्ये त्याला मरणोत्तर प्रवेश मिळाला. कारकीर्दीची लांबी, मतांची टक्केवारी, आचरण, समाजाने घातलेली बंधने व काळ हे पाचही अडथळे थोड्याफार फरकाने आपल्याकडेही दिसतात. फरक इतकाच, की कूपर्सटाउनला मतांची मोजणी तरी जाहीर होते.

क्रिकेटमध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने (आयसीसी) २००९ मध्ये असे कीर्तिमंदिर स्थापन केले. बिशनसिंग बेदी, सुनील गावसकर व कपिल देव हे त्यातील पहिले भारतीय होत. त्यानंतर अनिल कुंबळे (२०१५), राहुल द्रविड (२०१८), सचिन तेंडुलकर (२०१९), विनू मंकड (मरणोत्तर, २०२१), वीरेंद्र सेहवाग व डायना एदलजी (२०२३), नीतू डेव्हिड (२०२४) आणि महेंद्रसिंग धोनी (२०२५) यांची भर पडली. येथे विचार होतो तो आंतरराष्ट्रीय सामन्यांतील कामगिरीचा. म्हणजे ज्याला देशाच्या संघाचे दार उघडले नाही, त्याला कीर्तिमंदिराचे दार ठोठावताही येत नाही. पहिला अन्याय झाला असल्यास दुसरा त्यातून आपोआप निपजतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर (१९४०–२०२५). १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनी १९·६९ धावांच्या सरासरीने ५८९ बळी घेतले. १९७२-७३ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मद्रासच्या खेळपट्टीवर त्यांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ व दुसऱ्या डावात १८ धावांत ५ गडी बाद केले. तमिळनाडूचे दोन डाव ८० व ६१ धावांत आटोपले. एवढे करूनही त्यांना एकाही कसोटी सामन्यात खेळता आले नाही. कारण सर्वश्रुत आहे : त्यांच्याच पद्धतीची गोलंदाजी करणारे आणि वयाने सहा वर्षांनी लहान असलेले बेदी १९६६ ते १९७९ या काळात भारतीय संघात होते व त्यांनी ६७ कसोटींत २६६ बळी मिळविले. एकाच धाटणीचे दोन गोलंदाज एका संघात खेळविण्यास निवड समिती धजावत नसे. हरयाणाचे राजिंदर गोयल (१९४२–२०२०) हेही याच सावलीत राहिले. रणजी करंडकात ६३७ आणि एकूण प्रथम श्रेणीत ७५० बळी घेणाऱ्या गोयल यांना १९७४ मध्ये, बेदींना शिस्तभंगावरून वगळले असता, वेस्ट इंडीजविरुद्धच्या बंगलोर कसोटीसाठी बोलावण्यात आले; परंतु प्रत्यक्ष अकरांत त्यांचे नाव नव्हते. गावसकरांनी आपल्या आदर्श खेळाडूंवरील पुस्तकात कसोटीवीरांच्या पंक्तीत शिवलकर व गोयल या दोघांनाही स्थान दिले. नियमावलीने जे नाकारले ते त्याच काळातील एका श्रेष्ठ फलंदाजाने दिले, असे म्हणता येईल. कारण नियमावलीपेक्षा त्याला त्यांचे चेंडू अधिक जवळून माहीत होते. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचा सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार या दोघांना २०१७ मध्ये एकाच समारंभात प्रदान झाला. तेव्हा शिवलकर ७६ वर्षांचे होते.

फलंदाजांत हेच दुर्दैव अमोल मुझुमदार (जन्म १९७४) यांच्या वाट्याला आले. १९८८ मधील शालेय सामन्यात तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा म्हणजे मुझुमदार. १९९४ मध्ये हरयाणाविरुद्ध प्रथम श्रेणीतील पदार्पणातच त्यांनी २६० धावा काढल्या. पदार्पणातील हा जागतिक उच्चांक २०१८ पर्यंत टिकला. पुढे १७१ सामन्यांत ३० शतकांसह ११,१६७ धावा त्यांच्या नावावर जमा झाल्या आणि २००६-०७ चा रणजी करंडक मुंबईने त्यांच्या नेतृत्वाखाली जिंकला. परंतु १९९६ या एका वर्षात सौरव गांगुली, द्रविड व व्ही. व्ही. एस्. लक्ष्मण हे कसोटी संघात आले आणि मधली फळी पुढील दीड दशक भरून गेली. अन्य कोणत्याही दशकात मुझुमदार कसोटी खेळले असते, असा तर्क करणे अवाजवी नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले व २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत त्या संघाने प्रथमच विश्वचषक जिंकला. खेळाडू म्हणून कधीच न मिळालेले स्थान असे दुसऱ्या वाटेने मिळाल्याचे हे विरळा उदाहरण होय.

समकालीनांची गर्दी हे कारण मान्य केले, तरी भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर (१९१९–२०१२) यांच्या बाबतीत ते पुरेसे ठरत नाही. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध महाराष्ट्राकडून खेळताना त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. कमल भांडारकर यांच्यासमवेत त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी केली. डॉन ब्रॅडमन यांचा नाबाद ४५२ धावांचा तत्कालीन जागतिक विक्रम मोडण्यास दहा धावा हव्या असताना, मधल्या सुट्टीत काठेवाडचे कर्णधार राजकोटचे ठाकूरसाहेब यांनी सामना सोडून दिला. आपल्या संघाविरुद्ध असा विक्रम नोंदला जावा हे त्यांना मानवले नाही. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या. संस्थानी काळातील मानापमानाच्या कल्पनांनी क्रीडेतिहासातील एक पान असे कोरे ठेवले. ४४३ ही रणजी करंडकातील आजही सर्वोच्च धावसंख्या आहे, आणि कसोटी न खेळलेल्या कोणत्याही फलंदाजाने यापेक्षा मोठी खेळी केलेली नाही. नेमक्या त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारतात कसोटी मालिका खेळत होता. निंबाळकरांची खेळी दुसऱ्या व तिसऱ्या कसोटीच्या दरम्यान झाली. तरीही उरलेल्या तीनपैकी एकाही कसोटीसाठी त्यांची निवड झाली नाही, वा पुढेही कधी झाली नाही. एकूण ८० सामन्यांत ४७·९३ च्या सरासरीने ४,८४१ धावा काढणारा हा कोल्हापूरचा खेळाडू नायडू पुरस्काराचा मानकरी ठरला तो २००२ मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीच्या सुमारास.

पळवणकर बाळू (१८७६–१९५५) यांच्या मार्गातील अडथळा निवड समितीहून जुना होता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्मलेले बाळू पुण्यात यूरोपीय मंडळींच्या जिमखान्यावर मैदानाची निगा राखीत व जे. जी. ग्रेग या इंग्रज फलंदाजास सरावासाठी गोलंदाजी करीत. त्यांच्या डावखुऱ्या गोलंदाजीची कीर्ती पसरल्यावर पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळावयास घेतले. मात्र चहाच्या वेळी त्यांना संघापासून अलग, निराळ्या मातीच्या पात्रातून चहा दिला जाई. चेंडू सर्वांनी एकच हाताळावयाचा आणि पेला मात्र वेगळा, ही विसंगती त्या काळी बहुतेकांना खटकत नव्हती. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघाला बहुतेक सामन्यांत पराभव पत्करावा लागला. परंतु बाळूंनी त्या दौऱ्यात सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. हिंदू संघातील सर्वश्रेष्ठ गोलंदाज असूनही कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. उपकर्णधारपदापर्यंतच त्यांची मजल गेली. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल १९२३ मध्ये हिंदू संघाचे कर्णधार झाले, तेव्हा बाळूंचा खेळण्याचा काळ सरला होता. भारताने पहिली कसोटी १९३२ मध्ये खेळली. त्या वेळी बाळू ५६ वर्षांचे होते. साहजिकच आजच्या आंतरराष्ट्रीय निकषांत त्यांचे १७९ प्रथम श्रेणी बळी (सरासरी १५·२१) बसत नाहीत. गिब्सनसाठी अमेरिकेने नियमांना जशी निराळी वाट काढून दिली, तशी वाट कसोटीपूर्व काळातील भारतीय खेळाडूंसाठी अद्याप निघालेली नाही.

आचरणाचा निकष दोषी व निर्दोष यांत नेहमीच भेद करतो असे नाही. मुंबईचे लेगस्पिन गोलंदाज सुभाष गुप्ते (१९२९–२००२) यांनी ३६ कसोटींत १४९ बळी घेतले. १९५८ मध्ये कानपूरला वेस्ट इंडीजविरुद्ध एकाच डावात १०२ धावांत ९ गडी बाद केले. गारफील्ड सोबर्स यांनी त्यांना आपण पाहिलेला सर्वोत्तम लेगस्पिन गोलंदाज मानले आहे. १९६१-६२ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या दिल्ली कसोटीच्या वेळी हॉटेलातील त्यांच्या खोलीतून सहनिवासी खेळाडूने स्वागतकक्षातील एका महिलेस दूरध्वनी केला व तिने तक्रार केली. दूरध्वनी गुप्त्यांनी केलेला नव्हता. पण सोबत्याला अडविले नाही या सबबीवर त्यांनाही वगळण्यात आले आणि ते पुन्हा भारताकडून कधीच खेळले नाहीत. ऐन बहरात, वयाच्या तेहतिसाव्या वर्षाच्या आत, त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली. ते त्रिनिदादला स्थायिक झाले. गणनेवर आधारलेल्या कोणत्याही कसोटीत असे तुटलेले आकडे दुबळे दिसतात. हीच अवस्था विजय मर्चंट यांची : दुसऱ्या महायुद्धाने त्यांची उमेदीची वर्षे गिळल्यामुळे प्रथम श्रेणीत ७१·६४ ची सरासरी राखणारा हा फलंदाज फक्त दहा कसोटी खेळू शकला. गुप्ते व मर्चंट यांपैकी कोणाचेही नाव २०२५ पर्यंत आयसीसीच्या कीर्तिमंदिरात समाविष्ट झालेले नाही.

क्रिकेटबाहेर पाहिल्यास खाशाबा दादासाहेब जाधव (१९२६–८४) यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या या मल्लाने १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा क्रमांक मिळविला व १९५२ मध्ये हेलसिंकी येथे बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने जिंकलेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. प्रवासखर्चासाठी लोकवर्गणी करावी लागली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन परतल्यावर बैलगाड्यांच्या मिरवणुकीने खाशाबांचे स्वागत झाले; त्यांनी कुस्त्यांचे फड भरवून त्या पैशांतून प्राचार्यांचे ऋण फेडले. गावाने जे ओळखले ते ओळखण्यास शासनयंत्रणेला मात्र चार दशके लागली. याची कारणे केवळ अनास्थेत शोधणे बरोबर होणार नाही. १९५२ मध्ये देशात क्रीडापुरस्कारच नव्हते. पद्म सन्मान १९५४ मध्ये व अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाले. अर्जुन पुरस्कारासाठी मुख्यतः अलीकडच्या वर्षांतील कामगिरी पाहिली जात असल्याने नऊ वर्षांपूर्वीचे पदक मागे पडले. हेलसिंकीतच भारताने हॉकीचे सुवर्णपदक जिंकले होते, त्या झळाळीत कांस्य झाकोळले. शिवाय पद्म सन्मान सामान्यतः मरणोत्तर दिले जात नाहीत. त्यामुळे १९८४ मध्ये अपघाती निधन झाल्यावर तीही वाट अरुंद झाली. लिअँडर पेस याने १९९६ मध्ये दुसरे वैयक्तिक पदक आणीपर्यंत ४४ वर्षे उलटली. पहिल्या पदकाचे मोल खऱ्या अर्थाने त्या ४४ वर्षांनीच पटवून दिले. महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार व २००० सालचा अर्जुन पुरस्कार हे दोन्ही खाशाबांना मरणोत्तर मिळाले. हयातीत एकही राष्ट्रीय पुरस्कार त्यांच्या हाती पडला नाही.

देशी मैदानी खेळांची उपेक्षा हा याच प्रश्नाचा एक भाग होय. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या (स्थापना १९१४) पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. पण स्पर्धा म्हणून कबड्डीला आशियाई क्रीडास्पर्धांत १९९० मध्येच प्रवेश मिळाला. खोखोची पहिली विश्वचषक स्पर्धा तर जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत भरली. आंतरराष्ट्रीय स्पर्धाच नसेल तर आंतरराष्ट्रीय यशाची अट पुरी होणार कशी? धाराशिव जिल्ह्यातील खोखोपटू सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तो या खेळाला बावीस वर्षांच्या खंडानंतर मिळालेला पुरस्कार होता. मधल्या काळात या खेळात गुणी खेळाडूच निपजले नाहीत, असे कोणीही म्हणणार नाही.

भौगोलिक अंतर हेही एक कारण असून त्याची चर्चा सहसा होत नाही. गोंदिया जिल्ह्यातील आमगाव हे तालुक्याचे ठिकाण मुंबई–हावडा लोहमार्गावर, नागपूरपासून सु. १५० किमी. अंतरावर आहे. भाताची खाचरे व तळी यांच्या या मुलखातील मुलास क्रिकेटमध्ये पुढे जावयाचे तर प्रथम गोंदिया, मग विदर्भ क्रिकेट संघटनेचे नागपूर, त्यानंतर मध्य विभाग आणि शेवटी राष्ट्रीय निवड समिती असा क्रम पार करावा लागतो. प्रत्येक टप्प्यावर पाहणाऱ्यांच्या नजरा मोठ्या शहरांकडे वळलेल्या असतात. हा प्रवास नागपूरकरांनाही सोपा नव्हता. विदर्भ संघ रणजी करंडकात १९५७-५८ पासून खेळू लागला. विदर्भाचा पहिला कसोटीपटू उमेश यादव हा नोव्हेंबर २०११ मध्ये मैदानात उतरला. मधल्या पन्नासहून अधिक वर्षांत संघ दुबळा होता हे खरे, आणि दुबळ्या संघातील चांगला खेळाडू बाद फेरीत, म्हणजेच निवडकर्त्यांच्या दृष्टीसमोर, क्वचितच येतो हेही तितकेच खरे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू (१८९५–१९६७) नागपूरचेच. परंतु त्यांचे नाव गाजले ते मुंबईच्या मैदानावर १९२६ मध्ये एम.सी.सी. संघाविरुद्ध अकरा षटकारांसह काढलेल्या १५३ धावांमुळे, आणि स्थैर्य लाभले ते इंदूरच्या होळकरांच्या आश्रयाने. त्यांनाही पहिली कसोटी मिळाली ती छत्तिसाव्या वर्षी. एकूण सातच कसोटी ते खेळले. ज्यांच्या नावाचा पुरस्कार आज जीवनगौरव म्हणून दिला जातो, त्यांचे स्वतःचे कसोटीतील आकडे कोणत्याही संख्यात्मक निकषास उतरणार नाहीत.

विदर्भाने २०१७-१८ मध्ये दिल्लीस व २०१८-१९ मध्ये सौराष्ट्रास हरवून लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा कर्णधार होता फैज फजल. सलामीस येणाऱ्या या नागपूरच्या फलंदाजाने प्रथम श्रेणीत नऊ हजारांहून अधिक धावा केल्या. भारताकडून तो एकच आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना खेळला : जून २०१६ मध्ये हरारे येथे झिंबाब्वेविरुद्ध. त्यात त्याने नाबाद ५५ धावा केल्या व भारत दहा गडी राखून विजयी झाला. त्यानंतर त्याला पुन्हा संधी मिळाली नाही. २०२४ मध्ये तो निवृत्त झाला.

आमगावालगतचे पद्मपूर हे संस्कृत नाटककार भवभूतीचे मूळ गाव होय, असे मत वा. वि. मिराशी यांनी मांडले आहे. आमगावच्या महाविद्यालयासही भवभूतीचे नाव आहे. समकालीनांनी आपली कदर केली नाही, परंतु काळ अमर्याद असल्याने कधीतरी समानधर्मी रसिक जन्मास येईल, असा भाव त्याने मालतीमाधव नाटकाच्या आरंभी व्यक्त केला आहे. नाटककारास ही आशा परवडते, कारण त्याची कृती लिखित रूपात मागे उरते. शिवलकरांचे चेंडू किंवा बाळूंची फिरकी यांना तशी सोय नाही. चित्रफिती निघण्यापूर्वीच्या खेळाडूंचे कर्तृत्व धावफलक, वृत्तपत्रांतील वृत्तांत आणि पाहणाऱ्यांच्या आठवणी यांपुरतेच शिल्लक असते, व त्यांतील आठवणी पिढीगणिक नाहीशा होतात. उशिरा दिल्या जाणाऱ्या सन्मानांपुढील खरी अडचण ही आहे. बेसबॉलमध्ये जुन्या काळातील खेळाडूंचा फेरविचार करण्यासाठी स्वतंत्र समित्या नेमल्या जातात व त्यांच्यापुढे कृष्णवर्णी संघांच्या जुन्या धावफलकांचे संशोधन ठेवण्यात आले. त्यातून २००६ मध्ये एकाच वेळी सतरा जणांना प्रवेश मिळाला. मुंबईतील तिरंगी, चौरंगी व पंचरंगी सामन्यांचे, तसेच संस्थानी आश्रयाखालील कुस्त्यांचे वृत्तांत मराठी व इंग्रजी वृत्तपत्रांच्या जुन्या संचिकांत विखुरलेले असून त्यांचे पद्धतशीर संकलन झाल्याशिवाय अशा फेरविचारास आधार मिळणार नाही.